मोठ्यांच्या सोंगाला प्रवेश का नाही?

कॅलिफोर्नियात अनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये तेरा वर्षांची मुलगी ‘फ्रोझन’मधल्या एल्साचा निळा झगा घालून दिवसभर हिंडू शकते. ती चौदा वर्षांची झाली, की त्याच झग्यात तिला फाटकातून आत सोडत नाहीत. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्येही हाच नियम आहे. डोक्यावर मिकीचे कान चालतात, एल्साचं चित्र छापलेला टी-शर्ट चालतो, पण एल्सा होऊन आलेलं चालत नाही. दुरून पाहणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटेल. पण या उद्यानांत दरवर्षी कोट्यवधी माणसं जातात आणि उद्यानांची कल्पनाच मुळी मोठ्यांसाठीही निघालेली आहे. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली चक्रीपाळण्यात बसलेल्या असताना वॉल्ट डिस्ने बाकावर नुसते बसून राहत, आणि आईबाप व मुलं एकत्र मजा करतील अशी जागा हवी, हा विचार त्यांच्या मनात तिथे आला, असं ते स्वतः सांगत. त्या जागेत मोठ्या माणसाने सोंग घेऊ नये, असा नियम का झाला?

याचं एकच एक उत्तर नाही. मूल फसू नये, कोणी शस्त्र लपवून आणू नये, कापड यंत्रात अडकू नये आणि उद्यानाच्या पात्रांची प्रतिमा बिघडू नये, अशा चार वेगवेगळ्या काळज्या या नियमामागे आहेत. त्या चारही एका वयाच्या रेषेवर आणून ठेवल्या आहेत, आणि माझ्या मते गोंधळ तिथेच आहे.

पहिली काळजी सर्वांत जुनी आणि सर्वांत खरी. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं, तेव्हा मिकीमिनीचे पोशाख ‘आइस कपेड्स’ या बर्फावरच्या नृत्याच्या कंपनीकडून आणलेले होते. पुढच्या काही दशकांत मात्र पात्रं उभी करण्याचं एक कडक शास्त्रच तयार झालं. एकाच पात्राचे दोन कलाकार एका वेळी मुलांच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत. मिकीची सही कुठलाही कलाकार करो, ती सारखीच दिसली पाहिजे. सिंड्रेला झालेल्या तरुणीने सिंड्रेलाच्याच जगातलं बोलायचं. कोणी मोबाइलबद्दल विचारलं तरी तिला ती वस्तू ठाऊक नसते. हे सगळं कशासाठी, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. कोकणातल्या दशावतारात विष्णू उभा राहिला की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका हात जोडतात. तो नट कुणाचा मुलगा, दिवसा काय काम करतो, हे त्यांना नीट माहीत असतं, पण सोंग उभं आहे तोवर तो देवच. अशा वेळी प्रेक्षकांतून दुसरा एखादा विष्णू नटून पुढे आला, तर खेळाचा विचका होईल.

मुलांच्या बाबतीत हा विचका धोक्याचाही होऊ शकतो. सहा वर्षांचं मूल स्नोव्हाइट दिसली की आईचा हात सोडून धावत सुटतं. ती स्नोव्हाइट उद्यानाची कर्मचारी असेल, तर तिच्यामागे प्रशिक्षण असतं, शेजारी एक मदतनीस उभा असतो, मुलाला कसं आणि किती जवळ घ्यायचं याचे दंडक असतात. ती हौसेने नटून आलेली अनोळखी बाई असेल, तर यांतलं काहीच नसतं. तिचा हेतू कितीही चांगला असो, मुलाने आणि आईबापांनी टाकलेला विश्वास तिच्यावर नसतो, तो उद्यानावर असतो. म्हणून पात्रासारखा वेश केलेल्या पाहुण्याने इतरांबरोबर पात्र म्हणून फोटोला उभं राहू नये आणि सह्या देऊ नयेत, ही अट डिस्नेने अगदी सणाच्या दिवसांतही कायम ठेवली आहे. मला ती पूर्णपणे पटते. हीच काळजी कधी कधी टोकाला जाते. पांढऱ्या दाढीचा एक गृहस्थ फ्लोरिडातल्या उद्यानात गेला होता. मुलं त्याला सांताक्लॉज समजून भोवती जमू लागली, तेव्हा कर्मचाऱ्यांनी त्याला रूप बदलायला सांगितल्याची बातमी अमेरिकेत बरीच गाजली होती. त्या गृहस्थाची दाढी खरी होती.

चौदा वर्षांची रेषा मात्र मुलांच्या काळजीतून आलेली नाही. मोठ्यांनी डिस्नेच्या पात्रांसारखं दिसणारे पोशाख घालू नयेत, हे आधीही नियमांत होतं. १३ नोव्हेंबर २०१५ला पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले, २ डिसेंबरला कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो इथे गोळीबार झाला. हे गाव डिस्नेलँडपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. त्याच महिन्यात डिस्ने, युनिव्हर्सल आणि सीवर्ल्डच्या उद्यानांत धातुशोधक यंत्रं बसली. डिस्नेने खेळण्यातल्या बंदुकांची विक्री थांबवली आणि चौदा वर्षं व त्यावरच्या पाहुण्यांना वेश आणि मुखवटे यांची बंदी जाहीर केली. तेव्हापासून या नियमाकडे बहुतेक लोक सुरक्षेचा नियम म्हणूनच पाहतात.

मुखवट्याची भीती अमेरिकेत त्याहून पुष्कळ जुनी आहे. कू क्लक्स क्लॅनचे लोक चेहरे झाकून काळ्या माणसांवर अत्याचार करत. त्यांना आवर घालण्यासाठी अनेक राज्यांनी कायदे केले. फ्लोरिडाने १९५१मध्ये केलेल्या कायद्यात सोळा वर्षांवरच्या माणसाने चेहरा लपेल असा मुखवटा घालून सार्वजनिक रस्त्यावर येऊ नये, असं म्हटलं आहे. त्यातच सणाचे पोशाख, नाटक आणि टँपा शहरातला चाच्यांच्या वेशातला गॅस्परिला उत्सव यांना सूट आहे. उद्याने ही खासगी मालमत्ता असल्यामुळे त्यांना आपले नियम करायला या कायद्याचा आधार लागत नाही. तरीही कायदा लिहिणाऱ्यांनी भीती नेमकी कशाची, हे ओळखलं होतं, ही गोष्ट मला मोलाची वाटते. त्यांनी चेहरा झाकण्याला हात घातला, वेशाला नाही. डिस्नेच्या नियमाने मुखवटा आणि वेश दोन्ही एकाच दोरीत बांधले. मोकळ्या चेहऱ्याने, उन्हाळी कापडाचा पिवळा झगा घालून आलेली चाळीस वर्षांची बाई धातुशोधकातून पार होते, पिशवी तपासून देते. मग तिच्या झग्यात सुरक्षेचा कोणता प्रश्न उरतो? जुलै २०२०मध्ये कोव्हिडच्या महासाथीतच फ्लोरिडातली डिस्नेची उद्याने पुन्हा उघडली, तेव्हा तर लहानथोर सगळ्यांना तोंडावर मास्क लावणं सक्तीचं होतं, आणि अर्धे चेहरे झाकलेल्या गर्दीतही उद्याने चालली.

यंत्रांची काळजी मात्र हलक्यात घेण्यासारखी नाही. रोलर कोस्टरच्या डब्यात लांब झूल कुठेही अडकू शकते. मोठा घेर असला तर मांडीवरचा लोखंडी दांडा नीट बसत नाही. आपल्याकडे गो-कार्टच्या चाकात ओढणी किंवा केस अडकून माणसं दगावलेली आहेत. डिस्नेच्या नियमांत जमिनीवर लोळणारे कपडे सर्वांनाच वर्ज्य आहेत, नववधूचा पायघोळ झगासुद्धा. या काळजीचा वयाशी मात्र काडीचा संबंध नाही. आठ वर्षांच्या राजकन्येचा घेरही चाकात अडकू शकतो. तिला तो घालू दिला जातो, कारण तिथे नियम नजर ठेवून पाळता येतो हे उद्यानाला माहीत आहे. मग तीच नजर तिच्या आईच्या झग्यावर ठेवता येणार नाही का?

डिस्नेच्याच अपवादांकडे पाहिलं, की नियम किती लवचीक आहे हे कळतं. १९९५पासून फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनच्या रात्री खास मेजवानी होते. कॅलिफोर्नियात २०१९पासून ‘ऊगी बूगी बॅश’ सुरू झाला. या रात्री मोठ्यांना वेश करता येतो. मुखवटा नको, अंगभर वेढणारे थर नकोत, खांद्यावरची झूल कमरेखाली जाता कामा नये, टोकदार वस्तू नको, एवढ्या अटी. आरपार दिसणारे पंख चालतात, खेळण्यातली तलवारसुद्धा चालते. म्हणजे मोठ्यांचे वेश तपासून कसे आत सोडायचे, याची रीत उद्यानापाशी तयार आहे आणि ती वर्षानुवर्षं चालते आहे. फक्त त्या रात्रीचं तिकीट वेगळं काढावं लागतं, आणि ते शंभर डॉलरहून महाग असतं. दिवसा जे धोक्याचं, ते वेगळे पैसे भरल्यावर रात्रीच्या अंधारात सुरक्षित कसं होतं, हे मला कुठल्याही काळजीतून समजत नाही.

दुसरा अपवाद पळणाऱ्यांचा. डिस्नेच्या शर्यतींत, विशेषतः २००९पासून होणाऱ्या ‘प्रिन्सेस हाफ मॅरेथॉन’मध्ये, हजारो बायका राजकन्यांच्या रंगांचे घेरदार झगे नि मुकुट घालून पहाटे किल्ल्यासमोरून पळत जातात. तिसरा, ‘फाइव्ह हंड्रेड अँड फर्स्ट लीजन’ या ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांच्या संघटनेचा. १९९७मध्ये सुरू झालेल्या या संघटनेतली मोठी माणसं पडद्यावरच्या सैनिकांची हुबेहूब चिलखतं स्वतः बनवतात आणि रुग्णालयांतल्या मुलांना भेटायला जातात. डिस्नेच्याच उद्यानात ‘स्टार वॉर्स’च्या विशेष दिवसांत त्यांनी निमंत्रणावरून संचलन केलेलं आहे. तीच माणसं एरवी कुठल्याही मंगळवारी आपलं चिलखत घालून तिथे जाऊ शकत नाहीत.

या नियमाच्या फटीतून मोठ्यांनी काढलेली वाट फार सुंदर आहे. २०११च्या सुमाराला लेस्ली के या तरुणीने रोजच्या कपड्यांतून पात्र सुचवण्याची पद्धत लोकप्रिय केली आणि तिला ‘डिस्नेबाउंडिंग’ नाव दिलं. निळा ब्लाउज, पिवळा स्कर्ट, केसांत लाल फीत, झाली स्नोव्हाइट. जांभळा फ्रॉक आणि फुलं माळलेली लांब वेणी म्हणजे रपुन्झेल. मुलाला ही बाई स्नोव्हाइट वाटत नाही. जाणकार मात्र लांबूनच ओळखून हसतो. त्याच वर्षी डिस्नेलँडमध्ये ‘डॅपर डे’ सुरू झाला, ज्यात लोक जुन्या काळच्या नेटक्या पोशाखात येतात. कंपनीने या हौसेला विरोध केला नाही, पुढे तर डिस्नेबाउंडिंगवरचं पुस्तकही स्वतःच छापलं. भारतीय वंशाच्या मुलींना ही वाट आणखीच मोकळी आहे. पिवळी पैठणी नेसून, पदर आवरून, घोट्याच्या वर काठ ठेवून गेलेली बाई ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधली बेल आहे की लग्नाला निघालेली आत्या आहे, हे कोणता नियम ठरवणार? साडी हा कुणाचा वेश नव्हे, आपला पोशाख आहे. मात्र पदर खांद्याला पिनांनी बसवून जावं आणि वेगाच्या पाळण्यांत बसायचं असेल तर साडी नकोच.

युनिव्हर्सलच्या उद्यानांत गेलं, की चित्र उलटं होतं. जून २०१०मध्ये ऑरलँडोला हॅरी पॉटरचं जग उघडलं. तिथे हॅरीच्या हॉगवर्ट्स शाळेचा काळा झगा विकत घ्यायचा आणि तिथेच अंगावर चढवायचा, अशीच रीत आहे. फ्लोरिडाच्या उकाड्यात पन्नाशीची माणसं तो झगा घालून, हातात छडी फिरवत हिंडतात आणि कोणी त्यांना अडवत नाही. हा फरक कंपन्यांच्या स्वभावाचा नाही, गोष्टींचा आहे, असं मला वाटतं. सिंड्रेला एकच असते. दुसरी आली की पहिली खोटी पडते. हॉगवर्ट्सचे विद्यार्थी मात्र कितीही असू शकतात. झगा घातलेला प्रत्येक पाहुणा त्या शाळेची गर्दी भरून काढतो. झग्यातला माणूस म्हणजे हॅरी, असं कुठलंही मूल समजत नाही. आणि हेच युनिव्हर्सल शरद ऋतूतल्या आपल्या भीतीच्या रात्रींना, १९९१पासून चालत आलेल्या ‘हॅलोविन हॉरर नाइट्स’ना, कुठल्याही वयाच्या पाहुण्याला वेश करू देत नाही. कारण त्या रात्री अंधारातून अंगावर येणारे कलाकार नोकरीवर असतात आणि खरं भूत कोण, पाहुणा कोण, हे कळलंच पाहिजे. हॅलोविनला डिस्ने दार उघडतं, युनिव्हर्सल लावून घेतं. पाहुण्याचं सोंग उद्यानाच्या कलाकाराच्या जागेवर चढतं का, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे, आणि त्याचं उत्तर वयात सापडत नाही.

या कसोटीला डिस्नेचं ‘गॅलेक्सीज एज’ उतरत नाही. २०१९मध्ये दोन्ही किनाऱ्यांवर उघडलेलं हे ‘स्टार वॉर्स’चं गाव. तिथे दोनशे डॉलरहून अधिक मोजून प्रकाशाची तलवार स्वतः जुळवून घेता येते आणि ती हातात धरून फिरता येतं. त्या कथांतल्या जेडाय योद्ध्यांचा झगाही दुकानात मिळतो, पण मोठ्या माणसाने तो घरी जाऊन घालायचा. जेडायही हॉगवर्ट्सच्या विद्यार्थ्यांसारखेच अनेक असतात. शिवाय पाहुण्याने तिथे स्वतःची भूमिका घ्यावी, याच कल्पनेवर ते गाव बांधलेलं आहे. मार्च २०२२मध्ये डिस्नेने याच गोष्टीवर दोन रात्रींच्या मुक्कामाचं हॉटेल काढलं, तेव्हा पाहुण्यांनी वेश करून यावं असं प्रोत्साहन दिलं. ते अतिशय महाग होतं आणि सप्टेंबर २०२३मध्ये बंद पडलं. स्वस्त तिकीटवाल्याला झगा नाही आणि महाग तिकीटवाल्याला आहे, ही विभागणी मला टोचते.

जपानमध्ये रेषा आणखी अलीकडे आहे. १९८३पासून चालणाऱ्या टोकियो डिस्नेलँडमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांपर्यंतच वर्षभर वेश करता येतो. हॅलोविनच्या ठरावीक दिवसांत मोठ्यांनाही मुभा असते, तीही डिस्नेच्याच कथांमधल्या पात्रांपुरती. त्या दिवसांत लोक जे शिवून आणतात, त्याची कारागिरी पाहून थक्क व्हायला होतं. एरवीच्या दिवसांत तिथल्या तरुणींनी वेगळाच मार्ग काढला आहे: शाळा सोडून वर्षं लोटली तरी शाळेचा गणवेश घालून मैत्रिणींसोबत जायचं. गणवेश हा कुणा पात्राचा वेश नसल्यामुळे नियमात बसतो, आणि हरवलेलं वय एका दिवसापुरतं अंगावर येतं. मोठ्या माणसाला सोंग का हवं असतं, याचं याहून प्रामाणिक उत्तर मला माहीत नाही. त्याच देशात निक्को इथल्या एडो वंडरलँडमध्ये पाहुण्याला सामुराईचा पोशाख भाड्याने देऊन रस्त्यावर सोडतात. सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यात तर हानबोक हा पारंपरिक कोरियन पोशाख घालून येणाऱ्याला तिकीटच नसतं. अमेरिकेतही १९६३पासून भरणाऱ्या रेनेसाँ जत्रांत मोठी माणसं सरदार नि खाटीक होऊन येतात. तलवार म्यानाला दोरीने बांधून घेतली की काम झालं. तिथे पाहुणा नटला तर जत्रा अधिक भरल्यासारखी वाटते.

आपल्याकडच्या उद्यानांत हा वाद अजून उभा राहिलेला नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या ठिकाणी कपड्यांचे नियम मुख्यतः पाण्याच्या खेळांपुरते असतात, आणि त्यांचा रोख नायलॉनच्या पोशाखावर असतो. मोठ्यांच्या सोंगाचं मराठी माणसाला वावडं मात्र कधीच नव्हतं. बहुरूपी पोलीस होऊन दारात यायचा, शिमग्यात बाप्ये लुगडी नेसतात, जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात जाणती माणसं देवांचे जड मुखवटे चढवून रात्रभर नाचतात. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये तरुण पोरं पुठ्ठ्याची चिलखतं घालून येतात, तेव्हा मला ती याच घराण्यातली वाटतात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ज्यांच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही त्यांची. बौद्धिक दिव्यांगत्व असलेली पंचवीस वर्षांची एखादी मुलगी मनाने सात वर्षांचीच असते. तिच्यासाठी सिंड्रेलाचा झगा ही हौस नसते, तो तिचा त्या दिवसाचा सगळा आनंद असतो. नियम तिची जन्मतारीख मोजतो. फाटकावरचा कर्मचारी कनवाळू असेल तर ती आत जाते, नसेल तर तिला सगळ्यांसमोर कपडे बदलायला जावं लागतं. रांगेत उभं राहू न शकणाऱ्यांसाठी डिस्नेने वेगळी सोय केलेली आहे, तशी पोशाखासाठीही लेखी सोय असायला हवी. एखाद्याच्या दयेवर ते सोडू नये. तसंच तेरा वर्षांचा उंच मुलगा आणि सोळा वर्षांची लहानखुरी मुलगी यांत कोण कुठल्या बाजूचं, हे फाटकावरच्या माणसाने नजरेने ठरवायचं, यात चुका होणारच. त्या चुकांचा अपमान मुलांच्या वाट्याला येतो.

माझं मत स्पष्ट आहे. चेहरा झाकू नये, जमिनीला टेकणारं काही घालू नये, टोकदार वस्तू आणू नये, आणि पाहुण्याने सही देऊ नये की पात्र म्हणून मुलांना जवळ घेऊ नये, हे चार नियम सर्व वयांना लावावेत आणि कडकपणे पाळावेत. चौदा वर्षांची अट काढून टाकावी. ज्या पात्रांचे कलाकार त्या दिवशी उद्यानात आहेत, त्या पात्रांपुरती बंदी ठेवायची तर जरूर ठेवावी. सिंड्रेला एकच राहावी हे मला मान्य आहे. एकदम सगळं बदलणं जड जात असेल, तर डिस्नेने महिन्यातला एक साधा, कमी गर्दीचा दिवस मोठ्यांच्या वेशासाठी उघडावा, आणि त्या दिवशी जादा तिकीट लावू नये.